चार नंबरच्या टाकीतला घोडा

४ नोव्हेंबर

आजपासून लिहायला सुरुवात. हौस म्हणून नाही. पेरीन आणि तिचा नवरा कायमचे इथे राहायला आले आहेत आणि यंदाच्या वाइनचे निर्णय म्हणे आता ‘सगळ्यांनी मिळून’ घ्यायचे. हे मिळून प्रकरण आमच्या घराला नवीन आहे. आजोबा ठरवायचे, मग वडील ठरवायचे, मग मी. उद्या वाइन बिघडली तर ती कोणी बिघडवली याची नोंद असलेली बरी.

पेरीन माझी एकुलती एक मुलगी. फ्रान्समध्ये लग्नाची एवढी मुलं मोकळी फिरत असताना तिने निवडला तो बोर्दोचा. आमोरी त्याचं नाव. नखं स्वच्छ, बूट स्वच्छ, बोलणं तर इतकं स्वच्छ की त्यातून हाती काही लागत नाही. त्याला मी पहिल्याच दिवशी ऐकवलं, की तुझ्या गावच्या व्यापाऱ्यांनी आमच्या काओर भागातल्या वाइनच्या होड्या नाताळ उलटेपर्यंत नदीत अडवून धरल्या होत्या, आधी तुमची वाइन खपावी म्हणून. वर आमची काळीकुट्ट मालबेक वाइन स्वस्तात उचलून स्वतःच्या फिक्या पाण्यात मिसळायचे आणि इंग्रजांना ‘बोर्दो’ म्हणून विकायचे. तो म्हणाला, “मस्यू देलपेश, त्याला अडीचशे वर्षं होऊन गेली.” म्हणजे गुन्हा कबूल आहे.

द्राक्षांच्या तोडणीनंतर मला जो ताप आणि सर्दी झाली होती ती आता पूर्ण गेली. अंगात ताकद आहे. सोलांज मात्र अजून मला आजाऱ्यासारखं बघते. बायकोला आजारी नवरा सोयीचा पडतो, ओरडत नाही.

९ नोव्हेंबर

गावच्या बेकरीवाल्याने बहुतेक पिठात भुसा मिसळायला सुरुवात केली आहे. पाव चावतो, पण चव म्हणून नाही. कॉफीही तशीच, कोमट काळं पाणी. सोलांजला म्हटलं, दुकान बदल. ती म्हणाली, “तीच कॉफी आहे, मार्सेलिन. गेली वीस वर्षं तीच.” मग वीस वर्षांनी त्यांनी ठरवलं असेल, की देलपेश म्हातारा झाला, आता याला काहीही खपवावं.

रोकफोर चीजसुद्धा बघा. पूर्वी ते घरात आणलं की कुत्रा बाहेर जायचा. आता नुसता मिठाचा गोळा. गुहेत ठेवायचे ते फ्रिजमध्ये ठेवत असणार. एकटी दिजोंची वाटलेली मोहरी काय ती इमान राखून आहे. ती अजून टाळूला झोंबते. आज सगळ्याला मोहरी लावून खाल्ली.

२१ नोव्हेंबर

नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार, म्हणजे बोजोलेवाल्यांचा, त्यांच्या कोवळ्या वाइनचा सण. सप्टेंबरात द्राक्ष, नोव्हेंबरात बाटली. एवढ्या वेळात आमच्याकडे धुतलेले पडदे पुन्हा खिडकीला लागत नाहीत. तरी बारमध्ये सगळा गाव जमतो, शिव्या देतो आणि फुकटचा ग्लास पितो. मीही गेलो, शिव्या द्यायला.

गास्पार वेसियेर शेजारी बसला होता. त्याचा मळा माझ्या मळ्याला लागून आहे, आणि आमची मैत्री शाळेपासूनची. एकाच बाकावर मार खाल्लेला आहे. तो म्हणाला, “केळ्याचा वास येतोय गड्या. पार पिकलेलं केळं.”

“कसलं केळं? पाणी आहे नुसतं. ह्याला वासच नाही.”

“नाही?” म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “असेल, असेल. मलाच वाटलं असेल.”

गास्पारचं वय झालं. नसलेले वास यायला लागले आहेत त्याला. वाईट वाटलं.

१० डिसेंबर

आज तळघरात पहिली चकमक.

रिवाज असा, की डिसेंबरात घरच्या मुख्याने प्रत्येक टाकीतून ग्लासभर काढायची, नाक लावायचं, घोट फिरवायचा, थुंकायचा आणि ‘ठीक’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. बाकीच्यांनी गप्प उभं राहायचं. एक, दोन, तीन, सगळ्यांना मी ठीक म्हणालो. चारलाही म्हणालो. तिच्यात तर यंदा विशेष संयम दिसला. उगाच ग्लासातून उड्या मारत नाही.

तेवढ्यात आमोरीने हात वर केला. शाळेत असल्यासारखा.

“मस्यू, चारमध्ये मला जरा... घोडा वाटतोय.”

“काय वाटतोय?”

“घोडा. म्हणजे तबेला. घामेजलेलं खोगीर.”

मी विचारलं, “तू आयुष्यात घोडा कुठे पाहिलास? बोर्दोत तुमच्याकडे हवेल्यांसारखे शॅटो असतात, आणि शॅटोच्या लेबलवर घोडा असतो. कागदाचा वास येतो त्याला.”

पेरीनने ग्लास घेतला, हुंगला आणि लगेच खाली ठेवला. चेहरा पांढरा. मी म्हटलं, “तू तरी सांग.” ती नवऱ्याकडे बघत म्हणाली, “बाबा, तू पुन्हा एकदा वास घेऊन बघ ना. नीट.”

नीट! चाळीस वर्षं या नाकावर काओरमधले लोक घड्याळं लावतात. मी पुन्हा घेतला. स्वच्छ. तबेला नाही, घोडा नाही, शेपटीचा केससुद्धा नाही. तसं सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नवरा-बायको एकत्र कट करतात तेव्हा असंच बघतात. सोलांज आणि मीही पूर्वी बघायचो, माझ्या वडिलांविरुद्ध.

कट उघड आहे. चार नंबर नाकारायची, सगळ्या टाक्यांच्या मिश्रणात जागा रिकामी करायची आणि तिथे स्वतःची वाइन घुसवायची. चर्चजवळचं लहानसं वावर मी यंदा पेरीनला तिच्या हौसेखातर दिलं आहे. त्याची वाइन ती वेगळी काढणार, वेगळ्या बाटल्यांत भरणार, लेबलवर तिचं नाव असणार. लेबलचं चित्र आत्ताच तयार आहे, वाइन अजून टाकीत आहे. हल्लीची पद्धत. लाकडी पिंप नको म्हणते, द्राक्षं लवकर तोडली, वाइन हलकी ठेवली. लिंबू सरबताच्या गाडीवर चांगली चालेल.

२६ डिसेंबर

नाताळ पार पडला. बदक झालं, सूप झालं. सुपाचं तळ उरलं की त्यात लाल वाइन ओतून भांडं तोंडाला लावायचं, हे मी जावयाला शिकवलं. त्याने डोळे मिटून, पाळण्यातल्या पोराला औषध पाजतात तसं ते घशाखाली घातलं. मग म्हणाला, “छान आहे.” माणूस खोटं बोलताना सुद्धा स्वच्छ बोलतो.

पेरीन आणि तो गेला आठवडाभर मला तळघरात एकटं जाऊ देत नाहीत. ‘बाबा, थंडी आहे, आम्ही बघतो.’ एकदा तर एक ट्रक आवारात उभा दिसला. ‘टाक्या धुवायला पाणी लागतं,’ म्हणाली. पाणी घेऊन आलेला ट्रक जाताना जड कसा वाटत होता, देव जाणे. विचारणार होतो. सोलांजने तेवढ्यात जेवायला हाक मारली.

१४ जानेवारी

मंगळवार. ट्रफलच्या बाजाराला गेलो. जमिनीखालची ही काळी अळंबी आमच्या भागात सोन्यासारखी मिरवतात. शेतकरी टोपल्या मांडून रांगेत उभे, गिऱ्हाईक वाकून हुंगणार आणि तोंड वाईट करणार, म्हणजे भाव उतरेल. दरवर्षी आमच्या घरचे मी निवडतो.

यंदा पहिली टोपली हुंगली, वास नाही. दुसरी हुंगली, नाही. सातवीपर्यंत गेलो. शेवटी एका म्हाताऱ्याला सरळ सांगितलं, “हे चीनहून आणलेत का? माझ्या बुटाला याहून जास्त वास आहे.”

म्हातारा लाल झाला. “माझ्या कुत्रीने काल काढलेत हे! अहो, दोन गल्ल्या सोडून वास येतोय!”

“तुमच्या कुत्रीला सांगा, आता दगड शोधायला जा.”

आसपासचे हसतील असं वाटलं होतं. कोणी हसलं नाही. सोलांजने माझा दंड धरून मला तिथून काढलं आणि गाडीत बसवलं. मग म्हणाली पाकीट विसरलं, आणि परत गेली. बराच वेळ लागला तिला पाकीट सापडायला. आली तेव्हा डोळे लाल होते. थंडी फार होती आज.

२२ जानेवारी

संत व्हॅन्सां, आमच्या द्राक्षवाल्यांचा संत. मिरवणूक, पाद्रीबुवांचं लांबलेलं प्रवचन, मग घरी जेवण. गास्पारला बोलावलं होतं.

मी मुद्दाम पेरीनच्या जन्मसालची बाटली काढली. शेवटची. इतकी वर्षं तळघरात आडवी पडून होती. बूच काढलं, ओतली, प्यायलो. रंग विटेसारखा झालेला, तोंडात मऊ. बुचाची मला खात्री नव्हती, जरा ओलसर होतं. पण मी हुंगून पाहिलं, काहीच दोष नाही.

आमोरीने ग्लास ओठाला लावला आणि तसाच धरून ठेवला. पेरीनने एक घोट घेतला आणि उठून स्वयंपाकघरात गेली. तिच्या रडण्याचा आवाज आला. लेकीचं मन. जन्मसालची वाइन, बापाने जपलेली, कोणाला भरून येणार नाही? मलाही आलं.

गास्पारने मात्र पूर्ण ग्लास संपवला. मी दुसरा भरला, तोही संपवला. मग तोंड पुसून म्हणाला, “मार्सेलिन, लेका, अशी वाइन मी जन्मात प्यायलो नाही.”

हे ऐकण्यासाठी माणूस आयुष्य घालवतो.

२४ जानेवारी

पोरं बाजारहाटाला काओरला गेली होती. मोका साधला. पंप लावला आणि चार नंबर अख्खीच्या अख्खी मिश्रणाच्या मोठ्या टाकीत सोडली. आता काढा घोडा बाहेर! पेरीन आल्यावर सांगितलं. वाटलं होतं थयथयाट करेल. ती फक्त खुर्चीवर बसली. म्हणाली, “सगळी, बाबा? सगळी घातलीस?”

“सगळी.”

“बरं,” म्हणाली आणि आपल्या हातांकडे बघत राहिली. एवढ्यात हरली. माझी मुलगी म्हणून जरा निराशाच झाली.

२६ जानेवारी

नीट लिहितो.

रविवार. दुपारच्या जेवणाला सोलांजने ऑम्लेट केलं. पिवळं, साधं, मीठ बेताचं. मी म्हटलं, “रविवारी हे? घरात कोणी आजारी आहे का?” आणि मोहरीची बरणी ओढली.

सगळे थांबले. आमोरीचा काटा अर्ध्यावर. पेरीनने टेबलाखालून आईचा हात धरलेला मला दिसला. मग सोलांज म्हणाली, “मार्सेलिन, ही अंडी तीन दिवस ट्रफलबरोबर बरणीत होती. त्या दिवशी बाजारात मी परत गेले ती तो घ्यायला. आज बरणी उघडली तेव्हा वास जिन्यापर्यंत गेला. आमोरीने खिडकी उघडली.”

मी म्हटलं, “कसला वास?”

सोलांजने उठून कपाटातून बरणी आणली आणि माझ्या नाकाखाली धरली. आत तो काळा गोळा होता. मी श्वास घेतला. पुन्हा घेतला. काच थंड होती, एवढं कळलं.

मग भुशाचा पाव, कोमट कॉफी, केळं, म्हाताऱ्याची कुत्री, सगळं एकापाठोपाठ डोक्यात आलं. आणि शेवटी घोडा आला. मी उठून तळघराकडे धावलो. मोठ्या टाकीला हात लावून उभा राहिलो. सगळ्या वर्षाची वाइन इथेच मिसळायची, आणि त्यात मी माझ्या हाताने तबेला ओतला होता.

पेरीन मागून आली. “बाबा, वाइन चांगली आहे.”

“मला सांभाळून घेऊ नकोस.”

“सांभाळत नाहीये. चारमधली आम्ही नाताळाआधीच काढून डिस्टिलरीला पाठवली. तू घातलीस ती दुसरी.”

“दुसरी कुठली?”

तिची नजर कोपऱ्याकडे गेली. मीच तिच्या लहान टाकीकडे गेलो, चर्चजवळच्या वावराच्या. बोटाने ठोकलं. पोकळ आवाज आला.

तिच्या नावाची पहिली वाइन. माझा मान राहावा म्हणून तिने ती चार नंबरमध्ये भरली होती, आणि ती मी नंतर विजयाने मोठ्या टाकीत सोडली. लिंबू सरबत म्हणत होतो तिला मी.

“कोणाकोणाला माहीत आहे?” मी विचारलं.

“आईला. आम्हाला. गास्पारकाकांना.”

“गास्पार तर संत व्हॅन्सांच्या दिवशी दोन ग्लास...”

“बाबा, त्या बाटलीला बुचाचा वास लागला होता. ओल्या, बुरसटलेल्या पुठ्ठ्यासारखा. तोंडात धरवत नव्हती.”

दोन ग्लास प्यायला तो. मी तिथेच पायरीवर बसलो आणि रडलो. हे लिहायला लाज वाटत नाही.

३१ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, तापात नाकाच्या आतल्या नसा गेल्या. कदाचित येतील, कदाचित नाही. रोज लवंग, लिंबू, निलगिरी हुंगायचा सराव करा म्हणाले. चाळीस वर्षं या नाकावर जगलो, आता त्याला बालवाडीत घालायचं.

‘आधी लक्षात नाही आलं?’ असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आलं होतं, बेकरीवाल्याचं.

४ फेब्रुवारी

घरात सगळे माझ्याशी अतिशय गोड वागतात. आमोरी माझ्यासाठी खुर्ची ओढतो. सोलांज विचारते, सूप कसं झालंय, आणि लगेच जीभ चावते. मी पाव फेकला तरी कोणी रागवत नाही. पेरीन कुजबुजते. मेलेल्या माणसाच्या घरात असं कुजबुजतात.

मिश्रणाचा शेवटचा दिवस पुढच्या आठवड्यात. कोणी त्याचा विषय काढत नाही. मीही नाही. ‘होऊ द्या’ हे घरच्या मुख्याने म्हटल्याशिवाय बाटली भरत नाहीत. आता मुख्य कोण, हे विचारायची कोणाची हिंमत नाही. माझीही नाही. ज्या माणसाला स्वतःची वाइन आणि गटारातलं पाणी यातला फरक चिखलाच्या रंगावरून सांगावा लागतो, त्याने काय ‘होऊ द्या’ म्हणायचं? भीती वाटते. अशी भीती मला गारांची सुद्धा कधी वाटली नव्हती.

११ फेब्रुवारी

आज झालं.

सकाळी मी स्वतःच म्हटलं, चला. तळघरात टेबल मांडलं, ग्लास मांडले. मोठ्या टाकीत आणखी काय काय घालायचं ते ठरवायचं. मी घोट घेणार, कारण जीभ अजून आंबट, तुरट, कडू सांगते. वास ते सांगणार. म्हटलं, “मी आंधळा आहे असं समजा आणि रस्ता सांगा.”

आमोरीने सांगायला घेतलं. हा ग्लास, जांभळी फुलं. हा ग्लास, काळी चेरी आणि थोडी चॉकलेटची छटा. हा, जंगलातलं गवत. प्रत्येक ग्लासात माझ्यासाठी एक बाग फुलत होती. एकही वाईट नव्हती. इतकी सगळीच चांगली वाइन आमच्या घरात आजोबांच्या काळापासून कधी झालेली नाही. मी मान हलवत होतो आणि आतून खचत होतो, कारण आता उरलेलं आयुष्य हे असंच जाणार हे कळत होतं. मला काहीही सांगतील. चिखल दिला तरी चेरी म्हणतील.

मग वरच्या वावराचा ग्लास आला. छप्पन साली थंडीने काओरचा सगळा मळा मेला, तेव्हा आजोबांनी पहिलं पुन्हा लावलेलं वावर ते. दरवर्षी मिश्रणात त्याची वाइन जातेच. विचारायची पद्धतच नाही.

आमोरी म्हणाला, “सुंदर. खोल. थोडा मसाला...”

“नाही,” पेरीन म्हणाली.

सोलांज एकदम म्हणाली, “पेरीन, राहू दे.”

“का राहू दे? बाबा, वरच्या वावरात यंदा काही नाही. कुजक्या पालापाचोळ्याचा वास येतोय. ही घातलीस तर बाकीची बुडेल. नको घालूस.”

माझं डोकं तडकलं. मी टेबलावर मूठ आपटली, दोन ग्लास खाली पडले. म्हणालो, तुझ्या पणजोबांनी गुडघ्यावर बसून लावलं ते, बर्फाने जळलेल्या जमिनीत, आणि तू काल आलीस पिंपांना नावं ठेवत, तुला लाज नाही, तुला अक्कल नाही. आणखी बरंच बोललो. बोर्दोलाही सोडलं नाही.

ती मागे सरली नाही. ती माझ्याहून मोठ्याने ओरडली. “पणजोबांनी लावलं म्हणून वास बदलत नाही! तुझं नाक असतं ना, तर तू ही फरशीवर ओतली असतीस आणि आम्हाला विचारलंही नसतंस! मला शिकवलंस ते हेच शिकवलंस! आता नाक नाही तर ते शिकवलेलं पण गेलं का?”

आमोरी भिंतीला टेकला होता. सोलांज डोळ्यांना रुमाल लावून उभी.

मी मात्र मध्येच थांबलो. कारण लक्षात आलं, की गेल्या तीन महिन्यांत माझ्यावर ओरडलेलं हे पहिलंच माणूस. जिला माझी दया येते ती असं बोलणार नाही. हिने वाईट म्हटलं म्हणजे वाईट असणार, आणि ही चांगली म्हणेल तेव्हा ती चांगली असेल. मला एवढंच हवं होतं, आणि ते मला कोणाकडे मागायचं तेच कळत नव्हतं.

“काढ,” मी म्हटलं.

“काय?”

“वरचं वावर मिश्रणातून काढ. ऐकू येत नाही का? नाक माझं गेलंय, कान तुझे गेलेत?”

तिने नाकाने जोरात श्वास ओढला, तिच्या आजीसारखा. मग गुडघ्यावर बसून फुटलेल्या काचा गोळा केल्या. मीही बसलो. कोणी कोणाला सॉरी म्हटलं नाही. आमच्याकडे म्हणत नाहीत.

शेवटचा ग्लास मोठ्या टाकीतला होता, तिचीच वाइन मिसळलेली. मी घोट घेतला. आंबटपणा सरळ, जिभेच्या कडेला चांगली चुरचुर. तिच्याकडे बघितलं. ती बराच वेळ ग्लासावर वाकून राहिली, घाई केली नाही.

“बरी आहे,” ती म्हणाली. “फार ग्रेट नाही, बाबा. पण बरी आहे, स्वच्छ आहे. आणखी दोन वर्षांनी चांगली होईल.”

“होऊ दे म्हणतेस?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तिच्याकडे बघत राहिलो. तिला कळायला जरा वेळ लागला, की मी विचारत नव्हतो, वाट बघत होतो.

“होऊ द्या,” पेरीन म्हणाली.